फुटीर आजोबांची बाजू

कागद गिरणीतल्या जुन्या संपाबद्दल घरी विचारून लिहून आणा, असं इतिहासाच्या बाईंनी सातवीला सांगितलं होतं. वह्या तपासताना त्यांच्या लक्षात आलं, की सगळ्यांनी एकच लिहिलंय: संप फोडणारे गद्दार होते.

“त्या लोकांना कुणी विचारलं का?” बाईंनी वर्गात विचारलं.

मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “आमच्या गल्लीत फुटीर आजोबा राहतात. पण त्यांच्याशी कुणी बोलत नाही.”

बाई त्यांच्या घरी जाऊन शुक्रवारचं बोलावणं देऊन आल्या, पण हे सोपं जाणार नव्हतं. कारण त्याच मुलीचे आजोबा संपाचे पुढारी होते आणि वडील शाळेच्या समितीवर. वडिलांनी बाईंना शाळेच्या फाटकापाशी गाठलं. आवाज चढवला नाही, त्याचीच जास्त धास्ती वाटली.

“बाई, तुम्ही नवीन आहात. त्या माणसाला वर्गात आणलंत, तर पुढचं आमच्या हातात राहणार नाही.”

नोकरी कायम व्हायला चार महिने होते. शुक्रवारी म्हातारा आलाच नाही तर बरं, असंही बाईंच्या मनात येऊन गेलं. पण तो आला, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि पायरीवरच थबकला.

“मागच्या दारानं नेता का?”

“समोरूनच जाऊ,” बाई म्हणाल्या. त्या पुढे चालू लागल्या.

खिडकीबाहेर समितीवाले वडील हाताची घडी घालून उभे होते. म्हाताऱ्यानं त्यांना पाहिलं आणि टेबलाची कड घट्ट धरली.

“मी बॉयलरवर होतो,” तो म्हणाला. “सगळे एकदम बाहेर पडले. पेटता बॉयलर तसाच सोडला असता तर फुटला असता, शेजारीच वस्ती. म्हणून मी आत गेलो. दोन दिवसांत तो थंड झाला. पुढचे बारा दिवस मात्र घाबरून कामावर गेलो. आत मालकाची भीती, बाहेर तुम्हा मुलांच्या आजोबांच्या माराची.”

मागच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. “माझ्या आजोबांनी तुम्हाला मारलं होतं?”

“हो. मीही हात उचलला होता.”

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. वडील थेट मुख्याध्यापिकांकडे गेले असणार, हे त्यांनी ओळखलं.

सोमवारी मुख्याध्यापिकांनी लेखी ताकीद हातात ठेवली. पुढचा आठवडाभर बाई लांबच्या रस्त्यानं घरी गेल्या. मागे पावलं वाजली की वळून बघायच्या.

मग एके दिवशी मधल्या सुट्टीत ती मुलगी आली. “बाई, माझे आजोबा म्हणतात, बॉयलरचं त्यांना माहीतच नव्हतं. पण त्यांना यातलं सगळं पटलेलं नाही. ते स्वतः येऊन बोलणार आहेत. बाबा नको म्हणतात, तरी.”

बाईंच्या हातातला खडू निसटला. त्या वाकल्या, तो उचलला आणि म्हणाल्या, “त्यांना कोणता दिवस सोयीचा आहे, विचारून ये.”