हिरवी बांधीव फाइल

बायकोच्या आजाराची फाइल इतकी देखणी असू नये, हे बाइंडरला पाच डॉक्टरांपैकी एकानेही सांगितलं नाही. उलट पहिली दाद मिळायची ती फाइललाच. डॉक्टर ती हातात घ्यायचे, हिरव्या रेक्झिनवरून अंगठा फिरवायचे आणि विचारायचे, "वा, कुणी बांधली?" हा कसनुसा हसायचा. "मीच. धंदाच आहे तो." मग डॉक्टर पहिलं पान उघडायचे. पहिल्या पानावर पहिल्या डॉक्टरांचं पत्र होतं. ते वाचून झालं की बाकीची पानं भराभर उलटायची आणि फाइल मिटायची.

आजार यकृताचा होता, लाखात एखाद्याला होणारा. नाव इतकं लांबलचक की बाइंडरच्या तोंडून ते कधी पुरतं निघालं नाही. तो नुसतं "तिचं ते" म्हणायचा. औषध नाही, यकृत हळूहळू थकत जाणार, जपून राहा, तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा, असं पहिले डॉक्टर म्हणाले होते. पुन्हा कसला दाखवतोय! असलं बोलणाऱ्या माणसाचं तोंड पाहायचं नाही, असा बाइंडरने कानाला खडा लावला आणि दुसरा डॉक्टर गाठला. मग तिसरा. आठ महिने पायाला भिंगरी लागल्यासारखा फिरला. सगळ्यांनी पहिल्याचीच री ओढली.

सुरुवातीला तीही बरोबर यायची. तिसऱ्या दवाखान्यातून परतल्यावर तिने चपला कोपऱ्यात सारल्या आणि म्हणाली, "आता तुम्हीच जात जा. फाइलमध्ये सगळं आहे." तेव्हापासून हा एकटा जायचा. बसमध्ये फाइल मांडीवर घेऊन बसायचा, शेजारची जागा रिकामी असली तरी तिथे ठेवायचा नाही. बाहेरच्या बाकांवर बाकीचे पेशंट जोडीजोडीने बसलेले असायचे. एकाला खोकला आला की दुसरा पाणी काढून द्यायचा. याच्या जोडीला फाइल होती, आणि फाइलला काही तहान लागत नाही.

घरी आला की सांगायचा, "तेच म्हणाले." ती "बरं" म्हणायची आणि खिडकीकडे वळायची. त्यानंतर दोघांत बोलणं व्हायचं ते दुधाचं, गिझरचं, वरच्या मजल्यावरच्या गळतीचं. आधी असं नव्हतं. ती शाळेच्या ग्रंथालयात होती. फाटकी पुस्तकं बांधायला घेऊन याच्या दुकानात यायची, आणि बांधून दिलेलं प्रत्येक पुस्तक उघडून वाचायला लागायची. "तुम्ही बांधता, पण वाचत नाही. स्वयंपाक्याने उपाशी राहावं तसं आहे हे," असं एकदा म्हणाली, आणि त्या एका वाक्यावर हा घायाळ झाला. घरात वाचायचं काम तिचं आणि बांधायचं याचं, अशी वाटणी लग्नाआधीच ठरून गेली होती. आता ती वाचेनाशी झाली होती. तिने धीर सोडला असं याला वाटायचं. तिला धीर द्यावा, तर स्वतःच्या गाठीला थोडा तरी हवा ना.

सहाव्या डॉक्टर एक म्हाताऱ्या बाई होत्या. मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या. चष्म्याच्या दुकानाच्या वर एका खोलीत दुपारचे दोन तास बसायच्या. त्यांनी फाइलची वाहवा केली नाही. पहिलं पान उघडलं आणि लगेच मिटलं.

"ही पत्रं काढून टाका. मला नुसत्या तपासण्या हव्यात."

"निघणार नाहीत. शिवलेली आहेत."

"मग उसवा," बाईंनी ड्रेसिंगच्या ट्रेमधली कात्री पुढे केली. "पत्र आधी वाचलं की डोळे तेच शोधायला लागतात. पाच जणांनी तेच केलंय. तुम्हाला वाटतं तुमच्याजवळ पाच मतं आहेत. मत एकच आहे, सह्या पाच आहेत."

अठ्ठावीस वर्षांत याने स्वतःची शिवण कधी उसवली नव्हती. दोरा पक्का होता, मेणावरून ओढलेला. एकेक टाका तोडताना त्याला उगाचच लाज वाटत होती. कागद सुटे झाले. बाईंनी ते तारखेप्रमाणे लावले आणि भिंग घेऊन वाचायला बसल्या. पाऊण तास झाला. खालच्या दुकानात कुणीतरी मोठमोठ्याने अक्षरं वाचून दाखवत होतं.

यकृताचा तुकडा काढून तपासला होता, त्या अहवालावर बाईंचं भिंग थांबलं.

"ही खालची कड कुणी कापली?"

"मशीनवर मीच. कागद लहानमोठे होते. एकसारखे केले."

"इथे हाताने काहीतरी लिहिलेलं होतं."

त्यांनी भिंग त्याच्या हातात दिलं. कडेला निळ्या शाईचे बारीक ठिपके होते, रेघांची टोकं होती. अक्षरांचे शेंडे तेवढे उरले होते. बाइंडरला भिंगाची गरज नव्हती. दुसऱ्यांच्या कामात असे शेंडे दिसले की तो आजवर हसत आला होता.

ज्याच्या हाताखाली तो हे काम शिकला, त्या म्हाताऱ्याने एकच नियम घोटवून घेतला होता. कापायच्या आधी पान न् पान चाळायचं. वाचायचं नाही, नुसतं कडेला कुठे अक्षर आहे का बघायचं. कापलेलं अक्षर परत येत नाही. लोकांच्या वह्या, प्रबंध, कोर्टाची दप्तरं, सगळं त्याने असं डोळ्यांत तेल घालून चाळलं होतं. फक्त हा एक गठ्ठा चाळला नव्हता. वरच्याच कागदावर तिचं नाव होतं आणि त्याखाली ते लांबलचक नाव. त्याला बघवलं नाही. गठ्ठा ठोकून सरळ केला, मशीनखाली सरकवला, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि दांडा ओढला.

"हा दुसराच आजार आहे, असं मी म्हणत नाही," बाजूला काढलेली पत्रं शेवटी चाळून बाई म्हणाल्या. "पहिल्या पत्रात 'बहुधा' हा शब्द होता. दुसऱ्याने तो गाळला, पुढच्यांनी गाळलेलंच उतरवलं. आधी मूळ कागद बघा. आणि पुढच्या वेळी त्यांना घेऊन या. मला फाइलला तपासता येत नाही."

प्रयोगशाळेतल्या कारकुनाने कपाटातून मूळ प्रत शोधून तिची झेरॉक्स दिली. खाली तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, 'नमुना फार लहान. खात्रीने सांगता येत नाही. पुन्हा नमुना घेऊन पाहावे.' बाइंडरने ते तिथेच उभं राहून तीनदा वाचलं. जन्मात एवढं मन लावून त्याने काही वाचलं नव्हतं. कारकून म्हणाला, "अजून काही?"

घरी पोचला तेव्हा उन्हं कलली होती. ती खिडकीपाशी बसली होती, पायांवर शाल. याने सुटे कागद टेबलावर ठेवले. ती बघतच राहिली.

"फाइल कुठाय?"

"उसवली." त्याने झेरॉक्स तिच्यापुढे धरली. आता आभाळ कोसळणार, म्हणून मान खाली घालून उभा राहिला. "माझ्या हातून कापलं गेलं. आठ महिने. मी..."

तिने कागद घेतला नाही.

"मला माहीत आहे काय लिहिलंय ते," ती म्हणाली. "पहिल्या डॉक्टरांच्या पत्रानंतर प्रयोगशाळेचं पाकीट घरी आलं, त्याच दिवशी वाचलं होतं मी. तुम्ही फाइल बांधून आणलीत, तेव्हा आधी ते पान उघडलं. बघते तर ओळ नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? अठ्ठावीस वर्षांत तुमच्या हातून कधी अक्षर कापलं गेलंय? एक तरी?" तिचा आवाज चढला नव्हता. "मला वाटलं, तुम्ही मुद्दाम कापलंत. पहिल्या वेळी त्या सुईने मी किती कळवळले ते तुम्ही पाहिलं होतं. म्हटलं, यांनी ठरवलंय, आता पुरे."

"आणि एवढे डॉक्टर? ते कशाला फिरलो मी?"

"लोकांना सांगायला. मी सगळं केलं म्हणून. थोरल्या वन्सं विचारतात, माझी बहीण विचारते. असं वाटलं मला." मग शालीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "म्हणून यायचं बंद केलं. ते नाटक बघवेना."

बाइंडर खुर्चीवर बसला. तिच्या मनात आठ महिने काय होतं, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. ज्याला त्याला फाइल दाखवत हिंडला, पण फाइल जिची होती तिच्याशी गिझरबद्दल बोलत राहिला. आणि ती या खिडकीपाशी बसून होती, नवऱ्याने आपल्याला सोडून दिलं आहे असं मनाशी धरून, त्याचा चहा वेळेवर करत. त्याला रडू आलं. ते त्याने लपवलं नाही.

"मी बघितलंच नव्हतं गं," तो म्हणाला. "बघवत नव्हतं, म्हणून न चाळता कापलं. एवढंच. मुद्दाम नाही."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. दुकानात बांधलेलं पुस्तक परत घेताना शिवण ओढून बघायची, तसं पाहिलं. मग खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"पुन्हा सुई टोचायची म्हणजे," ती म्हणाली.

"बाई म्हणाल्या, तुला घेऊन या."

"आत येऊ देतात का नवऱ्याला?"

"विचारतो. नाही दिलं तरी येईन."

तिने कागद ओढून घेतले आणि सवयीने तारखेप्रमाणे लावायला लागली. दोन जागा बदलल्या. त्या म्हाताऱ्या बाईंनीच लावले होते, पण ग्रंथालयातल्या माणसाला दुसऱ्याने लावलेलं पटत नाही.

"वाच," बाइंडर म्हणाला.

"काय?"

"सगळं. मोठ्याने. मला एकही ओळ माहीत नाही यातली."

तिने चष्मा शोधला. तो खिडकीच्या कट्ट्यावर धूळ खात पडला होता. पदराने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पहिला कागद वर धरला. पहिल्या ओळीत तिचं नाव होतं, ते तिने वाचलं. दुसऱ्या ओळीत वय होतं.

"त्रेपन्न," ती म्हणाली आणि थांबली. मधे तिचा वाढदिवस येऊन गेला होता. दोघांपैकी कुणीच त्याचं नाव काढलं नव्हतं.

"आता चौपन्न," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली आणि पुढची ओळ वाचू लागली.