दक्षिणेचा खंदक

विनीने खंदकाच्या तळाशी उत्खननाची थापी घातली आणि माती भुरभुर सुटली. ती काळी, चिकट, घाण वासाची निघायला हवी होती. तसल्या चिखलात हवा शिरत नाही, म्हणून तर रोमन शिपायांचे कातडी बूट अठराशे वर्षं टिकतात.

"हे काय हो, खिळे?" मॉरीनने विचारलं. पोस्टातून निवृत्त झालेली ही बाई पदरचे पैसे भरून दर उन्हाळ्यात या रोमन किल्ल्यावर पंधरा दिवस माती उपसायला येई.

खिळेच होते. गंजलेले, मसुराएवढे, पावलाच्या आकारात ओळीने बसलेले. पाऊल वीतभरही नव्हतं. खिळ्यांवरचं बुटाचं कातडं कुजून गेलं होतं.

"लेकराचा गं बाई!" मॉरीन हळहळली.

विनीला भडभडून आलं. तीस वर्षांपूर्वी एक खाणमालक हा अख्खा खंदक खणायला पैसे देत होता. तिनेच नको म्हटलं. पुढे आपल्याहून शहाणी माणसं येतील, चांगली साधनं आणतील, त्यांच्यासाठी राहू दे जमिनीत. सोबतचा नेव्हिल डॉड कडाकडा भांडला आणि तेच पैसे घेऊन दुसऱ्या किल्ल्यावर गेला. तिथे त्याने दोनशे बूट काढले. पेपरात फोटो आले. इथे मात्र एकामागून एक कोरडे उन्हाळे माळरानातली ओल पिऊन गेले.

आज तिनेच त्याला बोलावलं होतं. तो काठी टेकत खंदकाच्या काठावर उभा होता.

"म्हण एकदाचं, ‘मी सांगत होतो,’ आणि हो मोकळा," ती वर न बघता म्हणाली.

नेव्हिल काठीच्या टोकाने कोरडी माती उकरत राहिला.

"पूर्वेचा एवढासा तुकडा अजून ओला आहे, नेव्हिल. एक कंपनी पैसे देतेय. आज सही करायचीय. तू म्हणशील तसं करते."

"पैसे नुसते खणायला, की निघेल ते जपायलाही?"

"खणायलाच. जपायला कोण देतंय?"

नेव्हिल कण्हत काठावर बसला.

"मला मिळाले तेही खणायलाच होते. फोटो झाले, मालक खूश झाला. बूट शेडमध्ये पाण्याच्या टबांत ठेवले. ते टिकवायच्या औषधपाण्याला दारोदार फिरलो गं, कुणी दमडी दिली नाही. टब आटले. दोन वर्षांत सगळ्यांचा चुरा."

"दोनशेच्या दोनशे?"

"सगळे."

विनीने थापी खाली ठेवली. इतकी वर्षं ती स्वतःला समजावत आली होती, निदान नेव्हिलचे तरी आहेत.

"मला बोलला नाहीस कधी."

"कुठल्या तोंडाने बोलणार होतो?"

ती उठली. गुडघ्यांची माती झटकली, खिशातला कंपनीच्या कराराचा कागद काढून मांडीवर सपाट केला.

"ठेवलं तरी जाणार, काढलं तरी जाणार. मग एकदा कुणाच्या तरी नजरेला पडू दे," ती म्हणाली. "पेन दे."

नेव्हिलच्या खिशाला पेन होतं. त्याने त्यावर हात ठेवला, पण ते काढून दिलं नाही.