डबा संपवला

“वहिनी, खोटं वाटेल तुम्हाला. कुणालाच खरं वाटत नाही,” नव्या कॉम्प्युटरमागे वायर खोचत हेमचंद्र म्हणाला, “पण त्या मोठ्या पुरात एका शेठचा कॉम्प्युटर बदलापुरातून वाहत निघाला, तो थेट कल्याणच्या खाडीला लागला. उघडला तर आत खेकडा. आणि शेठचे मेल? वर सर्व्हरवर, कोरडे ठणठणीत.”

“मागच्या वेळी मासा होता,” वृंदा म्हणाली.

“खेकड्याने खाल्ला तो.”

वृंदा हसली. तिचा नवरा अवधूत गेल्यापासून या ऑफिसात कोणी हसलेलं हेमचंद्र पहिल्यांदाच ऐकत होता. बाहेर आनंदनगरची औद्योगिक वसाहत चिडीचूप होती. शुक्रवार, कारखान्यांच्या सुट्टीचा वार. अवधूतच्या लेथवर फडकं टाकलेलं.

छोट्या कारखान्यांना कंपनीच्या नावाचा स्वस्तातला ईमेल घेऊन द्यायचा आणि तो त्यांच्या कॉम्प्युटरवरच्या मेलच्या प्रोग्रामला जोडून द्यायचा, एवढाच हेमचंद्रचा धंदा. पण बोलायचा असा, की बारवी धरणाचं पाणीही त्याला विचारूनच सोडतात. लोकांना ते ठाऊक होतं. मेल सुरू होत असे, वर करमणूकही होत असे, म्हणून कोणी हरकत घेत नसे. अवधूतकडे तर तो काम नसतानाही जेवणाच्या वेळी टपकायचा.

त्याने अवधूतचा ईमेल पत्ता टाकला. येणाऱ्या मेलचा सर्व्हर, जाणाऱ्याचा सर्व्हर. पासवर्ड म्हणजे लेकीचं नाव, राजसी, आणि पुढे तिचं जन्मसाल. तो त्याला तोंडपाठ होता.

“गिऱ्हाइकांचे मेल माझे मी बघेन, भाऊजी,” वृंदा म्हणाली. “मला ह्यांचे पाठवलेले हवेत.”

“पाठवलेले?”

“मी लॅबमध्ये होते ना, तिथे फोन गेटवरच काढून ठेवायचा. म्हणून हे जेवण झालं की मेल करायचे. एकच ओळ. डबा संपवला, भेंडी तिखट होती. डबा संपवला, उद्या पोळी एक कमी दे. बस. मी नोकरी सोडली आणि लॅबने माझा मेल बंद करून टाकला. माझ्याकडचे गेले. पण ह्यांच्याकडे असतीलच.”

हेमचंद्रची बोटं कीबोर्डवर थांबली.

सगळ्यांत स्वस्त योजनेतली मेलपेटी इवलीशी असते, चार ड्रॉइंग आली की भरते. म्हणून त्याने अवधूतचं काय, सगळ्यांचंच तसं लावलेलं होतं: आलेला मेल कॉम्प्युटरने ओढून घ्यायचा आणि वरून पुसून टाकायचा. पाठवलेले तर वर जातच नसत. ते त्या कॉम्प्युटरच्या डब्यातच राहत.

“जुना कॉम्प्युटर कुठाय, वहिनी?”

“दिला की. हा घेताना कॅम्प एकच्या दुकानातल्या चंदरभाईंनी एक्सचेंजमध्ये घेतला. राजसी म्हणत होती, बाबांचा आहे, राहू दे. मीच म्हटलं, अगं, भाऊजी सांगतात ना, खाडीत गेला तरी मेल वर असतात.”

पडद्यावर खातं जोडल्याचा संदेश आला. आलेल्या मेलमध्ये दोन जाहिराती. पाठवलेल्यात काहीच नाही.

वृंदा वाकून बघू लागली. “रिकामं दिसतंय.”

“येतायत,” हेमचंद्र म्हणाला. “लांबून यायचे. सर्व्हर पार परदेशात, मध्ये समुद्र. तुम्ही चहा ठेवा तोवर.”

ती आतल्या खोलीत गेली. त्याने आवाज दाबून फोन लावला.

“चंदरभाई, वो अवधूत का पुराना सीपीयू…”

“अरे साईं, उसका तो पार्ट-पार्ट अलग हो गया. हार्डडिस्क फॉरमॅट मारके निकाल दी. क्यूँ, कुछ था क्या उसमें?”

“नाही. काही नाही.”

आत कपबशा वाजत होत्या. हेमचंद्रने घड्याळाच्या सेटिंगमध्ये जाऊन कॅलेंडर मागे नेलं, अवधूत होता त्या दिवसांपर्यंत, आणि हाताला लागली ती तारीख दाबली. अवधूतच्या खात्यातून नवा मेल उघडला. लिहायला त्याला वेळ लागला नाही, कारण त्या डब्यासमोर तो स्वतः बसलेला असायचा. वृंदाचा लॅबमधला पत्ता टाकून त्याने मेल पाठवला, तो त्याच जुन्या तारखेने पाठवलेल्यांत जाऊन बसला, आणि त्याने घड्याळ पुन्हा आजवर आणलं.

“वहिनी, या. एक पोचला बघा.”

ती हातातला ट्रे तसाच धरून उभी राहिली आणि वाचू लागली.

‘डबा संपवला. वालाचं बिरडं झकास. अर्धं हेमचंद्रने खाल्लं.’

मग ट्रे टेबलावर ठेवत ती म्हणाली, “अर्धं तुम्ही खायचात?”

“रोजच.”

“आणि मी म्हणायचे, ह्यांची भूक एवढी कशी वाढली. दोन पोळ्या जास्त घालायला लागले होते मी.”

“त्या दोन माझ्या.”

ती पुन्हा हसली, आणि हेमचंद्रच्या अंगात जोर आला. “बाकीचे पण येतील, वहिनी. एकदम नाही, एकेक. समुद्राखालून येतात ना, कधी भरतीला अडकतात. मी येत जाईन मधून मधून. बसलो की एखादा तरी निघेलच.”

वृंदाने पदराने पडद्यावरची धूळ पुसली. नव्या पडद्यावर धूळ नव्हतीच. तिचं बोट मेलवरच्या तारखेवर आलं, तिथून शेजारच्या वारावर सरकलं आणि तिथेच राहिलं. तिने एक कप उचलून त्याच्यासमोर ठेवला, कपाचा कान त्याच्या बाजूला वळवून दिला.

“चहा घ्या, भाऊजी. आणि हा मेल राहू दे, पुसू नका.”

“छे, पुसतोय कशाला. खरा मेल आहे, वहिनी, ओरिजिनल. तारीख बघा ना.”

“बघितली. शुक्रवार आहे,” वृंदा म्हणाली. “शुक्रवारी ते घरी असायचे, माझ्यासमोर बसून जेवायचे. शुक्रवारचा डबा मी कधी भरलाच नाही.”