उसनी दिलेली आई

दुसऱ्यांची आत्मचरित्रं लिहून द्यायची म्हणजे तोंड त्यांचं आणि हात आपला. लेखिकेनं अशी बरीच माणसं कागदावर उतरवली होती. त्यातला एक बँकवाला तर इतका रटाळ, की त्याच्या लग्नाचं प्रकरण लिहिताना तिलाच जांभया आल्या. पण तिचा नियम पक्का होता. माणसाला जे आठवत नाही ते लिहायचं नाही. पदरचं काही घालायचं नाही.

मेट्रनबाईंपाशी तो नियम मोडला. अख्खी हयात इस्पितळात काढलेली ही करारी म्हातारी, कुठला डॉक्टर कुणावर का ओरडला ते कालच घडल्यासारखं सांगायची. आईचा विषय निघाला की मात्र गाडी अडायची. आई गेली तेव्हा त्या जेमतेम चार वर्षांच्या होत्या.

"पाठमोरी आठवते गं," त्या म्हणायच्या. "खिडकीपाशी शिवत बसलेली. काही केल्या तोंड वळवत नाही."

पहिलंच प्रकरण कोरडं ठणठणीत राहिलं आणि प्रकाशकाचा तगादा सुरू झाला. शेवटी लेखिकेनं त्यात स्वतःची आई घातली. दोन वर्षांपूर्वी गेलेली. दातानं दोरा तोडून तोडून टवका उडालेला पुढचा दात, हसताना त्यावर धरलेला हात, आणि "जेवलीस का" असं न विचारता "जेवली नाहीस तू, खोटं बोलू नकोस" म्हणायची तऱ्हा. एवढी मोठी बाई अर्ध्या पानात बसली.

नेहमीप्रमाणे तिनं प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हातारी हे खोडणार, अशी तिची खात्री होती. मेट्रनबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले.

"हीच. अगदी हीच गं!"

आता कोणत्या तोंडानं खरं सांगणार? पुस्तक निघालं, वाचकांनी ते अर्धं पान डोक्यावर घेतलं.

आणि लेखिकेच्या स्वप्नात रोज येणारी आई यायची थांबली. डोळे मिटून चेहरा आठवायला जावं, तर छापलेली वाक्यंच समोर यायची. एकदा तिनं आईचा फोटो काढून पाहिला, तर तो कुणा ओळखीच्या शेजारणीचा वाटला.

दुसऱ्या आवृत्तीत ते पान गाळा, असं तिनं सांगितलं तेव्हा प्रकाशक म्हणाले, "मेट्रनबाई हो म्हणाल्या तरच."

ती भर दुपारी त्यांच्या दारात उभी राहिली. आत टेबलावर चहाचे दोन कप होते. खिडकीपाशी एक रिकामी खुर्ची ओढून ठेवलेली होती.

"मावशी, पुस्तकातली आई तुमची नाही. माझी आहे," ती एका दमात बोलली आणि तिला रडूच फुटलं. "मला ती परत हवीय."

"कळलं मला ते मागाहून," मेट्रनबाई हळूच म्हणाल्या. "पण आता कशी घालवू तिला? रोज येऊन बसते."

लेखिकेनं रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. तिला काहीच दिसलं नाही.

"माझ्याबद्दल काही बोलते?"

मेट्रनबाईंना आयुष्यात कधी खोटं बोलायला जमलं नव्हतं. त्यांनी मान खाली घातली.

"आत्ताच विचारत होती," त्या म्हणाल्या, "ही बाई कोण, आणि रडते कशाला?"