सुला बेस हाय

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका गाडीत बसा. सामान नेणारी मेटॅडोर आहे. मागे बाकडी नाहीत. कमरेएवढं उंच एक लाकडी खोकं आहे, त्याच्यावर कर्णे, शेजारी ढोलक्या, वायरींची वेटोळी, गुंडाळलेली सतरंजी. या सगळ्यांच्या मधे एक फट उरली आहे आणि त्या फटीत तुम्ही बसला आहात. उजवा पाय हलवला तर ढोलकी घसरते. डावा हलवला तर खोक्याची कड नडगीला लागते. मांडीवर एक लांबलचक वाद्य आडवं धरलंय. ते सोडता येत नाही, कारण तवंदीच्या घाटात गाडी वळली की त्याची मान आपटेल.

बसलात? आता असं समजा की तुम्ही बारा वर्षांची मुलगी आहात, तुमचं नाव सुला, आणि तुम्ही निपाणीहून बेळगावजवळच्या उचगावला निघाला आहात. साल एकोणीसशे त्र्याऐंशी, मे महिना, भर दुपार.

मांडीवरचं ते वाद्य म्हणजे बेस गिटार. साध्या गिटारीला सहा तारा असतात, हिला चारच, पण सुतळीसारख्या जाड. तिचा आवाज कसा असतो ते सांगून कळणार नाही, करून बघा. छातीवर तळहात ठेवा आणि तोंड मिटून खालच्या पट्टीत ‘हूं’ म्हणा. कानाला थोडंच ऐकू येतं, पण तळहाताला जे जाणवतं, तो बेसचा आवाज. गाणाऱ्याला तो लागतो, ढोलकीवाल्यालाही लागतो. ऐकणाऱ्यांना मात्र तो आहे हेही माहीत नसतं.

सुलाचे वडील भीमाप्पा निपाणीत गाण्याची पार्टी चालवत. जयंतीला भीमगीतं, लग्नात सिनेमाची गाणी, गणपतीत दोन्ही. गळा त्यांचा, बेंजो शामूचा, बेस नागोजीचा. ही गिटार पहिल्यांदा घरात आली तेव्हा शामू म्हणाला होता, “नावातच बेस हाय म्हटल्यावर वाईट वाजंल कसं?” निपाणीकडं छान म्हणायचं तर ‘बेस’ म्हणतात, म्हणून तेव्हापासून पार्टीत हा विनोद चालूच होता. जेवण बेस, चहा बेस, आणि नागोजी तर जन्माचाच बेस.

बेसच्या नव्या तारा सहज मिळत नसत. म्हणून जुन्याच काढून पातेल्यात उकळायच्या, म्हणजे घामाचा मळ सुटतो आणि आवाज मोकळा होतो. सुलाची आई जयाबाई म्हणायची, “आधी तुमच्या तारा शिजू द्यात, मग माझा भात.” त्या तारा पुसून परत चढवायचं काम सुलाचं. चढवता चढवता ती वाजवून बघायची, नागोजी हसून बोट कुठं ठेवायचं ते सांगायचा. असं खेळता खेळता तिला वाजवता यायला लागलं.

मग नागोजीला पुण्यात नोकरी लागली आणि तो गेला. त्याच आठवड्यात लग्नाचा कार्यक्रम होता. भीमाप्पा सुलाला म्हणाले, “आजचा दिस तू वाजव, बाळ. उद्या बघू.”

तो उद्या काही उजाडला नाही. सुला सहावीतून सातवीत गेली, सातवीची परीक्षा दिली, आणि प्रत्येक कार्यक्रमाला ‘आजचा दिस’ वाजवत राहिली. तिला कुणी मारलं नाही की रागावलं नाही. उलट गाडीतून उतरली की शामू तिच्यासाठी आधी चहा मागवायचा. बायका तिच्या हनुवटीला हात लावून म्हणायच्या, “भीमाप्पाची लेक व्हय? गुणाची गं बाई.” माराची तक्रार सांगता येते. गुणाची असण्याची तक्रार कुणाला सांगायची?

स्टेजवर तिची जागा ठरलेली होती, त्या लाकडी खोक्याच्या पुढ्यात. खोक्यात मोठा स्पीकर आणि त्यातच वरच्या कप्प्यात बेळगावच्या एका रेडिओवाल्यानं जुळवून दिलेला अँप्लिफायर. त्याच्या काचेच्या नळ्या तापल्या की पाठीला चुलीसारखी धग लागायची. गिटारीतून अँप्लिफायरला जाणारी वायर पिनेजवळ तुटायची. तुटली की तेवढा तुकडा कापून परत जोडायची. अशी ती दर वेळी थोडी आखूड होत गेली, आणि आखूड झालेल्या वायरीबरोबर सुलाही एकेक वीत मागे सरकत गेली. आता समोर ढोलकीवाल्याची पाठ, मागे खोकं, बाजूला पडदा. दावणीच्या वासरालाही याहून जास्त हलता येतं.

तिला एकाच गोष्टीची आशा होती. भीमाप्पांची धाकटी बहीण पारूबाई बेळगावात एका दवाखान्यात नर्स होती. जानेवारीत ती निपाणीला आली तेव्हा भावाला म्हणाली होती, “अण्णा, सातवी झाली की सुलाला माझ्याकडं धाड. आठवीत घालतो मी. पण तिला यायचं आसलं तरच. पोरीच्या मनाबिगर न्हेणार न्हाय.”

सुला तेव्हा दाराआड ओल्या तारा पुसत उभी होती. ती बाहेर आली नाही, काही बोललीही नाही. तिला वाटलं, बोलायचं काय त्यात? आत्ती येईल, विचारील, मग सांगू.

सातवीचा निकाल लागला, सुला पास झाली. आत्ती आली नाही. बेळगावची बस स्टँडात शिरली की सुला उतरणारी माणसं बघत राहायची. मे संपत आला. आणि मग ही उचगावची बुद्धपौर्णिमा.

आता उघडा डोळे. गाडी पोचली.

समाजमंदिरापुढं मांडव होता. कार्यक्रम सांजेला, पण सामान जोडून आवाज बघायचा म्हणून सगळे दुपारीच स्टेजवर चढले. गावचा वायरमन कानडी बोलणारा. तो बोर्डाशी खटपट करत सुलाला सारखं सांगत होता, “हिंद सरी, हिंद सरी.” म्हणजे मागं सर. सुला सरणार कुठं? खोक्याला टेकून ती आधीच उभी होती.

“काय गं, गिटारीमागं दिसंनाशी झालीस की,” कुणीतरी पडद्याच्या बाजूनं म्हणालं.

पारूबाई होती. दवाखान्यातली पाळी संपवून सरळ आलेली, पायात अजून पांढऱ्या चपला.

सुलानं तिच्याकडे बघितलं. “आत्ती, तू आली न्हाईस.”

“आलो की ही.”

“न्हाय. न्यायला.”

पारूबाईच्या कपाळाला आठी पडली. “तुला यायचं न्हाय म्हणून तर आलो न्हाय मी. शामू आलता न्हवं दवाखान्यात, खोकल्याचं औषध न्यायला. त्याला इचारलं. ए शामू, हिकडं ये जरा. त्या दिशी काय सांगितलंस रं मला?”

शामू बेंजो खाली ठेवून आला. “काय सांगितलं?”

“सुला कशी हाय म्हणून इचारलं मी.”

“बेस हाय म्हणालो. हायच की. नागोजी गेल्यापास्नं तीच बेस हाय.”

पारूबाई त्याच्याकडे बघत राहिली. “आनी तिला यायचं न्हाय काय, म्हटल्यावर?”

“म्हणालो, कशी येईल, बेस हाय न्हवं. बेसच गेल्यावर आम्ही काय टाळ्या वाजवायच्या?”

“आरं भल्या माणसा,” पारूबाई म्हणाली आणि खोक्याच्या कडेवर बसली. “मला वाटलं पोरगी सुखात हाय. सुखातल्या पोरीला कशाला हलवा, म्हणून गप बसलो.”

शामूच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. “आक्का, कानडीत इचारायचं हुतंस. कानडीत ह्यो घोटाळा झाला नसता.”

ढोलकीवाला हसला, पारूबाईलाही हसू आलं. सुला हसली नाही. ती ज्या प्रश्नाची वाट बघत होती तो केव्हाच विचारून झाला होता, आणि उत्तरही तिच्या वतीनं कुणीतरी देऊन टाकलं होतं.

“मग आता तूच सांग,” पारूबाई म्हणाली. “तुझ्या तोंडानं.”

“काय सांगायचंय?” भीमाप्पा माइकची वायर हातात घेऊन आले.

पारूबाईनं सगळं सांगितलं, आणि पुढं म्हणाली, “शाळंत नाव घालायला सोमवार शेवटचा हाय, अण्णा. कार्यक्रम झाला की तिला माझ्यासंगं येऊ दे.”

“सोमवारी काकतीला कार्यक्रम हाय. त्याच्यामागं दोन लग्नं.” भीमाप्पांचा आवाज चढला नव्हता. “मी बेसवाला कुठनं आणू? पार्टीवर सहा घरं हायत, पारू. सीझन सरू दे, मग जाईल.”

“सीझन सरंस्तवर शाळा भरून जाती.”

भीमाप्पा सुलापुढं उकिडवे बसले, अगदी ती लहान असताना बसायचे तसे. “बाळ, तुझ्यावर कुणी जबरदस्ती केली काय? सांग. मी केली?”

मुलांनो, इथं थोडं थांबा आणि सुलाच्या जागी उभे राहा. हो म्हटलं तर ते खोटं, कारण जबरदस्ती कुणीच केली नव्हती. नाही म्हटलं तर वडील म्हणणार, मग झालं तर, राहा. समोर बाप आहे, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नाही, फक्त काळजी आहे. मांडवात सतरंज्या घालणारी माणसं हात थांबवून बघताहेत. शामू खाली बघतोय. काय सांगाल तुम्ही?

सुलानं गिटारीचा पट्टा डोक्यावरून काढला. भीमाप्पांना वाटलं, ही आता गिटार ठेवणार आणि चालू लागणार. ते गडबडीनं उठले. सुला खोक्यावर चढली आणि तिनं तो पट्टा वडिलांच्या गळ्यात घातला.

पट्टा सुलाच्या मापाचा, त्यामुळं गिटार भीमाप्पांच्या हनुवटीखाली जाऊन बसली. ढोलकीवाला म्हणाला, “आप्पा, बाळाला पाळण्यात घ्या नीट.” सुलानं बक्कल सोडून पट्टा लांब केला. गिटार पोटावर आली.

“आगं, मला गाता येतं. वाजवाय कुठं येतं?”

“गाताना तुझा पाय हलतोय. उजवा.”

“हलत आसंल. मला काय ठावं?”

“मला ठावं हाय. मी मागनं रोज बघतो. तो पाय पडंल तवा ही तार वाजवायची. बाकी काय करू नको.”

“गात गात?”

“गातच. गायचं थांबलास तर पायबी थांबंल.”

भीमाप्पांनी बहिणीकडे बघितलं. पारूबाई खोक्याची कड धरून बसली होती. शामूनं बेंजो उचलला आणि मांडीवर घेतला.

सुलानं वडिलांचं बोट धरून सगळ्यात जाड तारेवर ठेवलं आणि वरून दाबलं.

“दुखतंय की गं.”

“दुखतंयच. दाब अजून.”

भीमाप्पांनी दाबलं. उजव्या हातानं तार ओढली. पहिल्यांदा नुसतीच खरखर आली. दुसऱ्यांदा सूर आला, पण पाय भलत्याच वेळी पडला. ते थांबले आणि लेकीकडे बघू लागले.

सुला खोक्यावरून उतरली, त्यांच्यासमोर स्टेजच्या फळ्यांवर मांडी घालून बसली, हातानं ताल धरला आणि म्हणाली, “परत.”