मोठ्यांना लेकरासोबतच प्रवेश

बागेतल्या सिमेंटच्या हत्तीभोवती काटेरी तार लागली आणि आमच्या मायला बागेचं फाटक बंद झालं, ते कायमचं.

पण तसं काही झालंच नाही. असा कोणताही प्रकार घडलेला नाही, असं पालिकेचं म्हणणं आहे. साल शहात्तर, आणीबाणीचं, त्या साली काही घडलं म्हणायची कुणालाच सोय नव्हती. शहराचं नावही मी घेत नाही, उगाच त्याला लाज वाटायची. तेव्हा काही घडलं नाही असं धरूनच सांगतो.

आम्ही शेलूबाजारचे. बाप इंद्रभान सडकेवर मैलकुली, माय भागिरथा, मी देवमन आणि बहीण गंगू. गंगू मोठी, वय सहा महिने. मी अठरा वर्षांचा झालो तरी मोठी तीच. घरच्यांनी बुद्धाची दीक्षा घेतल्यावर पुढच्या वर्षी ती जन्मली. म्हणजे आमच्या खानदानातलं पहिलं जन्मजात बौद्ध माणूस. त्यामुळं घरात मानही तिचाच.

तेव्हा बाप त्या शहरात जिनिंगवर कापसाच्या गाठी उचलायचा. गंगू तापानं गेली. दात न आलेलं लेकरू जाळत नाहीत, पुरतात. शहराबाहेर नाल्यापलीकडं एक पडीत होतं, तिथं हिवराच्या झाडाखाली तिला ठेवलं. पाटलाची, तेल्याची, सोनाराची, आमची, सगळ्यांचीच लेकरं त्या पडितात. जिवंतपणी असं शेजारी राहायला कुणी जागा दिली नसती.

पुढं आम्ही शेलूला आलो, पण माय दर वैशाख पौर्णिमेला तिकडं जायची. मध्ये दुष्काळ पडला, मग तिचे गुडघे गेले, काही वर्षं खंड पडला. तेवढ्यात शहर आधुनिक झालं. नाला पाइपात गेला. पडिताच्या जागी नगरचौक आणि त्याला लागून मोठं लोकोद्यान झालं. पेपरात फोटो आला, तो मी मायला दाखवला.

"हिवर हाये का रे त्याच्यात?"

"नाई."

"मंग जाऊन पाहा लागते."

पौर्णिमेला आम्ही एस.टी.नं गेलो. नगरचौक खरोखरच आधुनिक होता. लाल-पांढऱ्या फरश्या, मर्क्युरीचे दिवे, खांबावर भोंगा. मधोमध कारंजं होतं. पाणी मंजूर व्हायचं होतं, म्हणून सध्या नुसता नळ नाचायच्या तयारीत उभा होता. 'कमी बोला, जास्त काम करा' या पाटीखाली दोन माणसं दुपारपासून त्या पाटीवरच बोलत होती.

माय चौकाच्या मधोमध उकिडवी बसली.

"एवढी जागा, अन् काहीच पेरलं नाई?"

"चौकात पेरत नसतात, माय."

"मंग इथं काय करतात?"

"फिरतात."

"कुठी जातात?"

"कुठीच नाई. फिरून परत येतात."

"रिकामे हायेत बाप्पा," माय म्हणाली, आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.

हिवर नव्हता, नाला नव्हता, खुणेचे दगड नव्हते. पण जिनिंगचं धुराडं होतं आणि दर्ग्याचा घुमट होता. माय त्या दोघांकडं बघत हळूहळू सरकत गेली. धुराडं घुमटाच्या मागं लपलं तिथं थांबली आणि तशीच नाकासमोर चालू लागली. वाटेत फुलांचा वाफा आला, तो तिनं तुडवला नाही, ओलांडला. शेवटी बागेतल्या बालविभागाच्या फाटकाशी आलो. आत बरोबर त्या रेषेवर सिमेंटचा हत्ती उभा. लेकरं शेपटाकडून चढत आणि सोंडेतून खाली येत. खऱ्या हत्तीनं हे चालवून घेतलं नसतं.

फाटकावर जानराव नावाचा खाकीतला राखणदार होता. त्यानं काठी आडवी धरली.

"मोठ्या माणसाले लेकराबिगर आत जाता येत नाई. पाटी वाचा."

पाटी मी वाचली. तसंच लिहिलं होतं.

"लेकरू कुठी हाये तुमचं?"

मायनं हत्तीकडं बोट दाखवलं. "तठी."

"नाव काय?"

"गंगू."

"मंग बाहेर काहून उभ्या हा? जा ना व." मग माझ्याकडं वळून, "अन् तू बे?"

"मी तिचा भाऊ."

"जा."

त्या दिवशी आम्ही एक शब्दही खोटा बोललो नाही, हे मुद्दाम सांगून ठेवतो.

माय हत्तीच्या पुढच्या पायाशी बसली. पदराच्या आडोशाला तिनं मेणबत्ती लावली. वारा होता, विझली, परत लावली. वरून लेकरं ओरडत घसरत होती. एक पोट्टं तिच्या मांडीवरच येऊन आदळलं. तिनं त्याचं नाक पुसलं, तर नाक पुसून घ्यायला आणखी दोघं आली.

"बरं झालं रे देवमन," ती म्हणाली. "हिवराखाली एकटी होती पोरगी. सोबत झाली तिले."

मला वाटलं होतं ती रडेल. ती एवढी खूश मी मॅट्रिक पास झालो तेव्हाही नव्हती.

दिवे लागले तशी जानरावनं शिट्टी मारली.

"बाई, लेकरू घ्या अन् चला. बंद करून राह्यलो."

"ते नाई येत," माय म्हणाली.

"हट्ट करून राह्यलं? थांबा, मी आणतो." तो हत्तीच्या पोटात डोकावला. "दिसत नाई व."

"दिसत नाई ते."

जानरावचा चेहरा उतरला. त्यानं शिट्टीवर शिट्टी फुंकली. माणसं धावली. बागेचे साहेब बबनराव आले. मी त्यांना बाजूला घेऊन सांगायला लागलो, तर म्हणाले, "आधी मूल सापडू दे, मग बोल." आणि लेकराचं अन् बापाचं नाव लिहून घेऊन मायला विचारायला लागले.

"वय काय?"

"सहा महिने."

"रांगतं?"

"रांगाले लागली होती."

"अंगावर काय आहे?"

"माह्या लुगड्याचा तुकडा."

लगेच चौकातला भोंगा खरखरला. "गंगू इंद्रभान, वय सहा महिने, अंगावर लुगड्याचा तुकडा. जिथे असेल तिथून तिने त्वरित हत्तीजवळ यावे."

माय मान वर करून भोंग्याकडं बघत राहिली. आमच्या घराबाहेर हे नाव इतक्या वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. आता ते अख्ख्या चौकाच्या डोक्यावरून गेलं, दर्ग्यापर्यंत पोचलं.

"साहेब, अजून एक डाव म्हणा ना," ती म्हणाली.

त्यांनी अजून एकदा म्हटलं.

मग माणसांनी जे शोधलं, त्याला तोड नाही. पाटीखालची दोन माणसं बोलणं टाकून कारंज्यात उतरली. एक गृहस्थ झुडपात शिरून "गंगू, गंगू, चॉकलेट देतो" म्हणत होते. भारी पातळातली एक बाई गुडघ्यांवर रांगत एकेक बाक तपासत होती. दुसरीनं मायला पदरानं वारा घातला, पाणी पाजलं, म्हणाली, "काळजी करू नका, सापडेल. इथं सगळी चांगली माणसं आहेत." ते खरंच होतं. मी स्वतः बघत होतो.

शेवटी बबनरावांनी विचारलं, "तुम्ही तिला शेवटचं कुठं ठेवलं होतं?"

"इथंच," माय म्हणाली. "हत्तीच्या ह्या पायाखाली. तवा हत्ती नव्हता. ह्याच्या बापानं खड्डा केला, म्या वरतून दगड ठेवले. बरोबर हाये जागा, धुराडं पाह्यलं म्या."

पदराचा वारा थांबला.

मग एका आईनं पोराला हाक मारली, "उतर खाली." मग दुसरीनं, मग सगळ्यांनी. लेकरं सोंडेतून न घसरता शेपटाकडून मुकाट उतरली. जानरावची शिट्टी ओठातच राहिली होती. कुणीतरी मला गाव विचारलं, मी सांगितलं. मग आडनाव विचारलं, तेही सांगितलं. मग त्यांना आणखी काही विचारायचं उरलं नाही. पाणी पाजणाऱ्या बाईनं पेला तिथंच ठेवला, परत नेला नाही. एक म्हातारी मात्र हत्तीच्या मागच्या पायाकडं बराच वेळ बघत उभी होती, मग तीही गेली.

नंतरच्या आठवड्यात हत्तीपुढं कुणी लिंबू ठेवलं, कुणी नारळ फोडला. अंधश्रद्धा वाढू नये म्हणून पालिकेनं तार लावली. तारेच्या आत लिंबं टाकायला लोकांना अडचण येत नाही, लेकरांना आत जायला मात्र येते. जानरावची बदली कारंज्यावर झाली, पाण्याची राखण. खोटी खबर देऊन जनतेस धावपळ करायला लावल्याबद्दल मायला बंदी झाली. पालिकेच्या मते असं काही घडलं नाही, पण बंदी आहे.

माय रागावली नाही. चुलीपुढं बसून एकदाच म्हणाली, "मले नको येऊ देत. पण लेकरांले काहून उठवलं रे? त्यांनी काय केलं होतं?"

मग मी तालुक्याला जाऊन अर्ज टाइप करून घेतला. खाली देतो.

"मा. मुख्याधिकारी यांच्या सेवेशी. विषय : हत्ती पूर्ववत चालू करणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज करण्यात येतो की, अर्जदाराच्या आईस आपली बंदी मान्य असून तिला प्रवेश नको आहे. तथापि, मुळात न घडलेल्या प्रकारामुळे लावण्यात आलेली तार काढून, दररोज सायंकाळी दिवे लागेपर्यंत सदर हत्तीवर थोडी लेकरे, जातीची अट न घालता, सोडण्यात यावीत. व घसरताना त्यांनी पूर्वीप्रमाणेच गलका करावा, असे त्यांच्या पालकांस आपल्या स्तरावरून कळविण्यात यावे, ही नम्र विनंती."