हजराबीने शिवलेला पडदा

मी एक जुना पडदा आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. माझ्या अंगाला सरकीचा आणि उंदरांचा वास येतो, हे मलाही कळतं. पण एके काळी दिग्रसच्या कलामेळ्यात मी बांबूला गुंडाळत वर जायला लागलो, की रडणारी पोरंसुद्धा गप्प व्हायची. आता तुम्ही म्हणाल, पडदा बढाया मारतो. मारतो बाप्पा! सगळा जन्म मंचावर गेला, थोडा तोरा राहणारच.

माझा जन्म १९५८ सालचा. त्या वर्षी शाळेतल्या देवराव गुरुजींनी मेळ्याचं मनावर घेतलं. होळी झाली, जिनिंगमधली कापसाची गर्दी ओसरली, की सात दिवस गावभर कार्यक्रम. जिनिंगच्या आवारात नाचगाण्याची आणि सोंगांची दंडार, बाजारचौकात कव्वाली, बंजाऱ्यांच्या तांड्यावर होळीच्या लेंगीची गाणी, भीमनगरात तिथल्या मंडळाचं गायन. सात दिवस, सात जागा, आणि सगळ्यांत मिळून पडदा एकच. तो म्हणजे मी! रोज सकाळी तांड्यावरचा रूपसिंग मला बैलगाडीत घालायचा आणि पुढच्या वस्तीत नेऊन बांधायचा. दिग्रसच्या कित्येक माणसांनी शेजारची वस्ती आतून पाहिलेली नव्हती. मी मात्र सगळ्या पाहिल्या.

मला शिवलं हजराबीनं. मांजरपाटाच्या अकरा पट्ट्या तिनं हातमशीनवर एकमेकींना जोडल्या, आणि प्रत्येक शिवणीवर पुन्हा हातानं दुहेरी टाका घातला. तिचा नवरा मोहिउद्दीन दुकानांच्या पाट्या रंगवायचा. घरात मला पसरायला जागा कुठली? म्हणून त्यानं मला जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये नेलं आणि तिथं रंगवलं. फुटलेल्या बोंडांचं शेत, बांधावर लालभडक पळस, आणि मधोमध मोर. मोर जरा जाडा झाला होता. पोरं त्याला कोंबडा म्हणायची आणि मोहिउद्दीन रागानं लाल व्हायचा. खरं सांगू? थोडासा कोंबडाच होता तो.

हजराबी गोशातली बाई. चारचौघांत यायची नाही. त्यामुळे झालं काय, जिनं मला शिवलं, तिनंच मला कधी उभं पाहिलं नाही. मेळा संपला की मी दुरुस्तीला तिच्या घरी यायचो, पण तिच्या चिंचोळ्या खोलीत एका वेळी माझा हातभर तुकडाच उलगडायचा. एखाद्या दिवशी तिला मोराचा पाय दिसायचा, एखाद्या दिवशी पळसाचा शेंडा. सबंध मी कधीच दिसलो नाही.

ती नवऱ्याला विचारायची, "उभा असला म्हंजे कसा दिसते जी?"

मोहिउद्दीन विचार करून सांगायचा, "मोठा दिसते."

आता काय म्हणावं या माणसाला! हात सोन्याचा, पण जिभेला कुलूप.

मेळ्याची खरी हकीकत तिला सांगायची ती तुळसाबाई. तुळसाबाई जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची आणि चोळ्या शिवायला हजराबीकडे यायची. छप्पन साली तिच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली होती, तेव्हापासून भीमनगरच्या गायन मंडळात पहिला आवाज तिचा. हजराबीच्या दारात बसून ती सगळा कार्यक्रम पुन्हा करून दाखवायची. दंडारीतल्या सोंगाड्याची चाल, कव्वालाचं मान हलवणं, सगळं. हजराबी हसून हसून डोळे पुसायची.

"आन् पडदा वर गेला तवा लोक काय म्हनले?" हे ती शेवटी विचारायचीच.

"काय म्हनतीन? आ वासून पाह्यत राह्यले ना वो!"

१९६१च्या दिवाळीत हजराबीला सुईत दोरा ओवता येईना. आधी तिनं दोऱ्याला नावं ठेवली, मग सुईला. शेवटी मोहिउद्दीन तिला एसटीनं यवतमाळला घेऊन गेला. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, म्हणाले, आणि उरलेली किती दिवस टिकेल याचा भरवसा नाही. परत आल्यावर दोन दिवस ती सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत राहिली. तिसऱ्या दिवशी तुळसाबाईला म्हणाली, "मले काही नाई पाह्यजे. एकडाव पडदा उभा पाह्यचा हाये. आन् त्याच्यामांगं तू गाताना."

तुळसाबाई उठली ती थेट गुरुजींच्या दारात.

"गुरुजी, गावाचा मेळा म्हनता आन् अर्धं गाव घरात बसून राह्यते. आमच्या हजराबीच्या मोहल्ल्यातल्या बायाईले बसाले जागा कुठं हाये?"

देवराव गुरुजी मनानं फार चांगले. त्यांना खरंच वाईट वाटलं. "माह्या ध्यानातच आलं नाई, तुळसाबाई," ते म्हणाले. त्यांनी ठरवलं की त्या वर्षी भीमनगरच्या मंडळाचं गायनही जिनिंगच्या आवारात ठेवायचं, मंचाच्या उजव्या हाताला बायांची वेगळी जागा करायची आणि समोर पातळ मलमल बांधायची. मलमल अशी, की आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं दिसत नाही. तिचे दोन मोठे तुकडे त्यांनी स्वतः निवडून आणले. मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या माणसांना भेटून त्यांचा होकार घेतला. चाळीस बाया येणार असं ठरलं. चार वर्षांत पहिल्यांदा!

मेळ्याच्या आदल्या आठवड्यात हजराबीनं मला शेवटचं दुरुस्त केलं. डोळे साथ देत नव्हते, म्हणून बोटांनी चाचपून भोकं शोधली. सतरा ठिगळं लावली. "आपल्या पडद्याले भोक दिसाले नाई पाह्यजे," असं ती सारखी म्हणत होती. मी इतका खूश होतो की काय सांगू! ती येणार, मला पाहणार. त्या जाड्या मोराला मी मनातल्या मनात म्हटलं, बाबा रे, आज तरी मोरासारखा दिस.

मेळ्याचा तिसरा दिवस. कार्यक्रम दुपारी चारचा. तीन वाजता गुरुजींची धांदल उडाली होती. सतरंज्या आल्या नव्हत्या, पाहुणे आले होते. त्यांनी लांबूनच ओरडून सांगितलं, "रूपसिंग, पडदा पह्यले बायांकडं बांध! त्याईची सोय आधी!"

गुरुजींच्या मनात होती मलमल. पण रूपसिंगच्या लेखी गावात पडदा एकच. चार वर्षं तो मलाच पडदा म्हणत होता, आणि मलमलीच्या त्या दोन तुकड्यांना तो चादरी म्हणायचा. त्याला वाटलं, गुरुजींनी बायांचा केवढा मान केला! त्यानं मोठ्या प्रेमानं मला उजव्या बाजूला नेलं, दोन बल्ल्यांना ताणून बांधलं, रंगवलेली बाजू लोकांकडे केली. आणि उरलेल्या चादरी नेऊन मंचावर लावल्या.

मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती. अरे रूपसिंगा, मी तिथला नाही रे! मी जाड मांजरपाट, वर खळीचे आणि रंगाचे थर. माझ्यातून सूर्य दिसत नाही, माणूस काय दिसणार?

बाया आल्या, मागच्या फाटकानं. माझ्या मागे सतरंजीवर बसल्या. हजराबी सर्वांत पुढे, माझ्यापासून हातभर अंतरावर. ती वाट पाहत होती. तिला वाटलं असावं, हा कार्यक्रमाआधीचा आडोसा आहे, आता सोडतील.

तेवढ्यात मंचावर गाणं सुरू झालं.

समोरची माणसं मला पाहून म्हणत होती, "वा! बायांसाठी काय झकास सोय केली!" आणि मागच्या बाजूला हजराबीच्या डोळ्यांसमोर होते तेलाचे डाग, तिनं स्वतः लावलेली ठिगळं आणि अकरा पट्ट्यांच्या शिवणी. कडेच्या फटीला दोन-चार तरण्या पोरी डोळा लावून बसल्या. हजराबीला तिथवर सरकायला जागा नव्हती, आणि जागा मागायची तिला सवय नव्हती. एक भोक तरी शिल्लक ठेवलं असतं तिनं! पण तिचं काम कधी कच्चं नसायचं.

मित्रांनो, मी चार वर्षं मंच झाकला आणि उघडला, पण कोणाच्या आड आल्याचं दुःख मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी कळलं. मी तिनंच शिवलेला होतो आणि मीच तिच्या वाटेत उभा होतो.

मोहिउद्दीन मंचावर पडदा दिसेना म्हणून शोधत निघाला. मला तिथं बांधलेलं पाहून तो थबकला. मग धावत गुरुजींकडे गेला. गुरुजींनी कपाळावर हात मारला. दोघं माझ्यासमोर येऊन उभे राहिले. रूपसिंगही आला, त्याला काय चुकलं तेच कळेना.

"सोडू काय?" रूपसिंगनं विचारलं.

"कसा सोडतं गा?" गुरुजी हळू आवाजात म्हणाले. "मलमल मंचावर अडकली, मांगं चाळीस बाया बसल्या. समोर हजार मानूस. एकडाव सोडला तं पुन्हा कोनी आपल्या घरच्या बाया पाठोनार नाई."

खरं होतं ते. तिघांनाही पटलं, म्हणूनच कोणी हललं नाही. मोहिउद्दीन माझ्या अगदी जवळ आला. त्यानं मोराच्या पिसाऱ्यावर तळहात ठेवला आणि कापडाला तोंड लावून हळूच विचारलं, "हजरा, दिसून राह्यलं काय?"

ती पलीकडे हातभर अंतरावरच होती. मग ती म्हणाली, "हाव ना जी. समदं दिसून राह्यलं. तुमी जा, बसा तिकडं."

ती खोटं का बोलली, ते मी तुम्हाला सांगतो, कारण तिच्या मागच्या बाया काय कुजबुजत होत्या ते मी ऐकलं होतं. पहिल्यांदाच बोलावलं आहे, तक्रार केली तर पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत, असं त्या एकमेकींना समजावत होत्या. तासभर हजराबी माझ्या शिवणीवर बोट फिरवत बसली. तुळसाबाईच्या गाण्याला लोक टाळ्या द्यायचे, तेव्हा तीही टाळ्या द्यायची, जराशी उशिरा. मला रडता येत असतं तर माझे रंग वाहून गेले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसाबाई नाचतच तिच्या दारात आली. मी तिथंच होतो, एक दोरी तुटली म्हणून रूपसिंगनं मला आणून टाकलं होतं. मंचावरून तुळसाबाईला मी दिसलो होतो, पण बाजूनं. बायांपुढं मलमल असेल आणि मी नुसता कडेचा आडोसा असेन, असं समजून ती निश्चिंत गायली होती.

"सांग वो, कशी दिसत होती मी?"

"लय सुंदर," हजराबी म्हणाली. "ते हिरवं लुगडं तं असं खुलत होतं तुले!"

तुळसाबाई उंबऱ्यावरच खाली बसली. तिच्या मंडळातल्या सगळ्या बाया पांढरी लुगडी नेसून गायल्या होत्या. नवी, एकसारखी, पांढरीशुभ्र. हजराबीला वाटलं, गाणाऱ्या बाईनं काहीतरी रंगीत नेसलं असेल, म्हणून तिनं आवडता रंग सांगून टाकला.

तुळसाबाईनं तिचा हात धरला. "तुले काहीच नाई दिसलं ना?"

हजराबी म्हणाली, "आवाज साफ आला." आणि सुई शोधायला लागली.

त्या दिवशी तुळसाबाई गुरुजींना काय काय बोलली, ते इथं सांगत नाही. गुरुजींनी मान खाली घालून ऐकून घेतलं. रूपसिंग तर आठ दिवस हजराबीच्या गल्लीतून गाडी नेईना. कोणाच्याही मनात वाईट नव्हतं, मित्रांनो. हेच मला जास्त छळतं. कोणी दुष्ट असता तर त्याला शिव्या देऊन मोकळा झालो असतो.

पुढच्या वर्षी, १९६३ साली, सगळं नीट केलं. मलमल महिनाभर आधी आणली. गुरुजींनी ती रूपसिंगच्या हातात देऊन "ही बायांची" असं त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. मी मंचावर होतो. पुढची मधली जागा हजराबीसाठी राखून ठेवली होती. तुळसाबाई स्वतः तिला आणायला गेली आणि एकटीच परत आली. गेल्या पावसाळ्यातच हजराबीची नजर पुरती गेली होती.

"येत नाई म्हनते," तुळसाबाईनं गुरुजींना सांगितलं. "म्हनते, ऐकू तं घरूनबी येते."

मी वर गेलो. लोकांनी आ वासला. ती मधली जागा तशीच रिकामी राहिली, कोणी तिथं बसलं नाही.

मेळा आणखी दोन वर्षं चालला. मग गुरुजींची बदली राळेगावकडे झाली आणि ते वेड पुढे न्यायला कोणी उरलं नाही. मला जिनिंगच्या गोदामात टाकलं. पहिल्यांदा सरकीच्या ढिगावर झाकण म्हणून वापरलं, मग नुसतंच कोपऱ्यात. उंदरांनी मोर खाल्ला. सतरा ठिगळं मात्र अजून जागच्या जागी आहेत, त्यांच्याभोवतीचं कापड विरलं तरी. मला उन्हात पसरा, वाळवीपासून वाचवा, असं मी तुम्हाला सांगायला हवं. सगळ्या जुन्या वस्तू तेच सांगतात. पण माझं आता काय राहिलं आहे!

माझं मागणं दुसरंच आहे, मित्रांनो. तुमच्या गावात कधी उत्सव केलात, मांडव घातलात, कोणासाठी मोठ्या प्रेमानं सोय केलीत, तर समोर उभं राहून "छान झालं" म्हणू नका. दिसतं का, असं विचारूनही भागत नाही. माणूस भिडेपोटी हो म्हणतो. शेवटची गाठ मारण्याआधी पलीकडे जा, त्यांच्या जागेवर दोन मिनिटं बसा, आणि तिथून काय दिसतं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.